तिलापियाच्या लिव्हरमधली छिद्रं: चरबी की बर्फ?

माशाच्या लिव्हरमधली चरबी बघायची असेल तर पॅराफिन चालत नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण सगळं प्रकरण तिथूनच सुरू होतं. पॅराफिन ब्लॉक करायचा म्हणजे टिश्यू अल्कोहोलमधून न्यायचा, मग झायलीन, मग ६० डिग्रीच्या आसपासचं वितळलेलं मेण, आणि एवढ्यात चरबी विरघळून निघून जाते. स्लाइडवर उरते ती फक्त चरबी होती तिथली रिकामी जागा. म्हणून चरबीसाठी फ्रोजन सेक्शन. टिश्यू गोठवायचा, कडक झाला की क्रायोस्टॅटवर (थंड पेटीत बसवलेलं काप काढायचं यंत्र) पातळ सेक्शन, म्हणजे काप, काढायचे, ऑइल रेड ओ या चरबीला लाल करणाऱ्या रंगाने रंगवायचे, चरबीचे थेंब लालभडक उठून दिसतात. पण गोठवताना टिश्यूतल्या पाण्याचा बर्फ होतो, आणि बर्फाचे स्फटिक मोठे झाले की तेसुद्धा स्लाइडवर रिकामी जागाच सोडून जातात. म्हणजे एकाच लिव्हरमध्ये माशाची स्वतःची छिद्रं आणि आपण पाडलेली छिद्रं शेजारी शेजारी असू शकतात आणि घाईघाईत बघितलं तर दोन्ही सारखीच वाटतात. इथे नेमकी हीच गल्लत झाली होती, आणि ती थेट थीसिसच्या निष्कर्षापर्यंत जाऊन पोचली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

काम काय होतं

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कॉलेजमधला झूलॉजीचा पीएचडीचा मुलगा, तापीतल्या तिलापियावर काम करणारा. नदीवरची दोन ठिकाणं धरलेली, एक वरच्या अंगाचं, दुसरं गावाचं सांडपाणी नदीला मिळतं त्याच्या खालचं, आणि प्रश्न असा की खालच्या माशांच्या लिव्हरमध्ये चरबी जास्त साठते का. प्रश्न चांगला होता. एथिक्स कमिटीची परवानगी रीतसर घेतलेली, मासे भोई लोकांकडून जिवंत आणलेले, लवंगाच्या तेलात शांत करून मग डिसेक्शन, वह्या इतक्या नीट की तारीख-वेळ-पाण्याचं तापमान सगळं लिहिलेलं. अडचण एवढीच की कॉलेजात क्रायोस्टॅट नाही, ती महागाची वस्तू, सगळीकडे नसतेच. मी जळगावला ज्या लॅबमध्ये हिस्टॉलॉजीचं काम बघते तिथे क्रायोस्टॅट आहे, तर तो ब्लॉक तिकडे तयार करून सेक्शन कापायला आमच्याकडे यायचा, सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीने, दोंडाईचा-अमळनेर करत, मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन.

त्याची पद्धत अशी होती. लिव्हरचा साधारण एक सेंटिमीटरचा तुकडा, रात्रभर ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये (हे फिक्सेशन, म्हणजे टिश्यू सडू नये म्हणून आहे तसा पक्का करणं), मग बफरने धुवायचं, मग प्लॅस्टिकच्या मोल्डमध्ये ओसीटी ओतून त्यात तुकडा बसवायचा आणि मोल्ड मायनस २० च्या फ्रीझरमध्ये ठेवून द्यायचा. सकाळी ब्लॉक दगडासारखा कडक. मग थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक भरून गाडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओसीटी म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं घट्ट चिकट मिश्रण, गोठलं की पांढरं आणि कापायला योग्य कडक होतं, पाण्यात सहज धुऊन जातं. ते टिश्यूला बाहेरून आधार देतं. टिश्यूच्या आत शिरून बर्फ थांबवत नाही, आणि अनेकांचा समज इथेच चुकतो, की ओसीटीत घातलं म्हणजे टिश्यू सुरक्षित झाला.

स्लाइडवर काय दिसलं

ऑइल रेड ओ यायला वेळ लागत होता म्हणून त्यांनी सेक्शन आधी एच अँड ई ने (हेमाटॉक्सिलिन आणि इओसिन, नेहमीचे निळा-गुलाबी रंग) रंगवले. पेशींमध्ये छिद्रंच छिद्रं. गाइड सरांनी बघून सांगितलं की हा फॅटी चेंज आहे, म्हणजे पेशींत चरबी साठली आहे, आणि वरवर बघता त्यात काही वावगं नव्हतं, पाठ्यपुस्तकातला फॅटी लिव्हरचा फोटो असाच असतो. मग इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो टाकून रिकाम्या जागेचा टक्का काढला, खालच्या ठिकाणच्या माशांमध्ये तो उघड उघड जास्त आला, आलेख तयार झाला, पेपरचा मसुदासुद्धा सुरू झाला. माझ्याकडे तो मुलगा आला तो फक्त ऑइल रेड ओ चा एक सुंदर फोटो पाहिजे म्हणून, की लाल थेंब दाखवले म्हणजे काम पूर्ण.

मी त्याच्या जुन्या एच अँड ई स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतल्या, ४० च्या लेन्सवर. आता तिलापियाच्या लिव्हरची एक गंमतीची गोष्ट आहे, त्याच्या लिव्हरमध्ये स्वादुपिंडाच्या पेशीसुद्धा विखुरलेल्या असतात, पोर्टल शिरांच्या भोवती गुच्छ करून, गडद निळसर बुडाच्या आणि वर गुलाबी दाणे भरलेल्या, लगेच ओळखू येतात. या पेशी पाचक एन्झाइम तयार करतात, लिव्हरच्या पेशींसारखी चरबी साठवणं हे त्यांचं कामच नाही. आणि छिद्रं त्यांच्यातही होती, तेवढीच. रक्तवाहिनीत अडकलेल्या तांबड्या पेशी, माशाच्या तांबड्या पेशींना न्यूक्लियस असतो, त्यांच्यातही फट. लिव्हरच्या पेशींचे काही न्यूक्लियस तर आतून फुगून पोकळ झालेले. चरबी न्यूक्लियसला बाजूला ढकलते, त्याच्या आत शिरून त्याला असा पोकळ करत नाही.

मग छिद्रांचा आकार बघितला. चरबीचा थेंब हा थेंब असतो, गोल, काठ गुळगुळीत, पेशीच्या आत. ही छिद्रं कोनेदार, काठ फाटल्यासारखे, कुठे दोन पेशींच्या मधूनच गेलेली, एकाच दिशेने ओढल्यासारखी. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की सेक्शनच्या काठाकडे छिद्रं बारीक आणि मधोमध मोठी मोठी. माशाला काय माहीत आपण तुकडा कुठून कापणार आहोत? चरबी तुकड्याच्या कडेने कमी आणि मध्ये जास्त अशी साठत नाही. बर्फ मात्र तसाच वागतो, कडा आधी गोठते म्हणून तिथे स्फटिक लहान, मध्यभागी थंडी उशिरा पोचते म्हणून तिथे स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो.

तिसरा संशयितही होता, ग्लायकोजेन, म्हणजे पेशीत साठवलेली साखर. चांगलं खाल्लेल्या माशाच्या लिव्हरमध्ये ग्लायकोजेन भरपूर असतं आणि एच अँड ई मध्ये ती जागा फिकट, पोकळ, धुरकट दिसते. त्यासाठी पीएएस (ग्लायकोजेनला गुलाबी करणारा रंग) करून बघितलं, शेजारच्या सेक्शनवर आधी ग्लायकोजेन पचवणारं डायस्टेज एन्झाइम आणि मग पीएएस, म्हणजे जो गुलाबी रंग डायस्टेजने जातो तो ग्लायकोजेनचा. (एन्झाइम हाताशी नसेल तर लाळेतलं अमायलेज पूर्वीपासून वापरतात, तेही चालतं.) ग्लायकोजेन थोडं होतं, पण छिद्रांच्या जागी नाही.

ऑइल रेड ओ

रंग आला तेव्हा सरळ स्लाइड रंगवून मोकळं व्हायचं नाही असं आम्ही ठरवलं, कारण लाल काही दिसलं नाही तर लगेच म्हणणार की रंगच बिघडलेला. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या एका कोपऱ्यात त्याच माशाच्या आतड्याभोवतीच्या चरबीचा सेक्शन लावला, कंट्रोल म्हणून. रंग ६० टक्के आयसोप्रोपेनॉलमध्ये, त्याच दिवशी गाळलेला, नाहीतर रंगाचेच कण बसतात आणि तेही लाल. शेवटी हेमाटॉक्सिलिन हलकं, आणि वर ग्लिसरीन जेली. डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचा नेहमीचा डिंक) लावायचं नाही, त्यात झायलीन असतं, इतक्या मेहनतीने वाचवलेली चरबी शेवटच्या पायरीला घालवायची. कव्हरस्लिप दाबायची पण नाही, थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात किंवा सरकून भलत्याच जागी जाऊन बसतात.

कोपऱ्यातली चरबी लालभडक. लिव्हरमध्ये बारीक बारीक लाल ठिपके, पेशींच्या आत, विरळ. आणि ती मोठी छिद्रं, ज्यांचा टक्का काढून आलेख केला होता, ती बहुतेक सगळी रिकामी, पांढरी.

मुलगा बराच वेळ काही बोललाच नाही. मग विचारलं, "मॅडम, मग खालच्या ठिकाणी जास्त कशी आली?" योग्य प्रश्न. छिद्रं बर्फाची असतील तर ती दोन्ही ठिकाणच्या माशांमध्ये सारखीच यायला पाहिजेत ना.

त्याच्या वहीतच उत्तर होतं. वरच्या ठिकाणचे मासे डिसेंबर-जानेवारीत घेतलेले, खालच्या ठिकाणचे एप्रिल-मे मध्ये. मे महिन्यात आमच्याकडे, जळगाव-भुसावळला, पारा ४५ च्या पुढे जातो, गाडीचा डबा म्हणजे भट्टी, आणि थर्माकोलमध्ये होते फक्त जेल पॅक. साधा जेल पॅक शून्याच्या आसपास टिकून राहतो. शून्य डिग्री आपल्या हाताला गार लागते पण ओसीटीचा ब्लॉक मायनस १० च्या वर गेला की मऊ पडायला लागतो. म्हणजे ब्लॉक वाटेत अर्धवट वितळत होते, जळगावला पोचल्यावर आमच्या फ्रीझरमध्ये पुन्हा हळूहळू गोठत होते, आणि प्रत्येक वेळी लहान स्फटिक विरघळून मोठे स्फटिक अजून मोठे होत होते. हिवाळ्यातल्या ब्लॉकना हा त्रास कमी झाला. शिवाय तिकडे उन्हाळ्यात लाईट जास्त जायची, आणि तो फ्रीझर फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ जमू नये म्हणून स्वतःच अधूनमधून आतून गरम होणारा. भाजीपाल्याला फरक पडत नाही, टिश्यूला पडतो. आलेखात दिसत होता तो फरक नदीच्या दोन ठिकाणांचा नव्हताच, हिवाळा आणि उन्हाळ्याच्या प्रवासाचा होता.

एकच लिव्हर, चार तुकडे

तरी सरांची खात्री पटणं गरजेचं होतं, आणि त्यांनी मागितलेला पुरावा अगदी रास्त होता, की संशय पुरेसा नाही, करून दाखवा. म्हणून एकच मासा घेतला, एकच लिव्हर, एकाच भागाचे पाच-पाच मिलिमीटरचे चार तुकडे, चौघांचं फिक्सेशन एकत्र. पहिला तुकडा जुन्या पद्धतीने, सरळ ओसीटी आणि मायनस २० चा फ्रीझर. दुसरा आधी ३० टक्के सुक्रोजमध्ये आणि मग तोच फ्रीझर. तिसरा सुक्रोजशिवाय पण झटक्यात गोठवलेला. चौथा सुक्रोज आणि झटक्यात दोन्ही. एकाच माशाच्या एकाच लिव्हरमध्ये चार वेगवेगळ्या प्रमाणात चरबी असू शकत नाही, त्यामुळे जो फरक दिसेल तो आपल्या हाताचा.

सुक्रोजचं काम असं की ते टिश्यूतलं थोडं पाणी बाहेर ओढतं आणि उरलेल्या पाण्याला धरून ठेवतं, स्फटिक व्हायला मोकळं पाणी कमी मिळतं. बफरमध्ये आधी १५ टक्के, मग ३० टक्के, ४ डिग्रीला. तुकडा आधी तरंगतो आणि सुक्रोज आतपर्यंत पोचलं की बुडतो, ती खूण. फार चरबी असलेलं लिव्हर बुडायला खळखळ करतं, तिथे नुसतं बुडण्याची वाट बघत बसू नका, दोन रात्री दिल्या की पुरे. सुक्रोज ताजं करा, आमच्या हवेत बाहेर राहिलं की त्यात बुरशी धरते.

झटक्यात गोठवायला काय वापरायचं हा मोठा प्रश्न होता. लिक्विड नायट्रोजन मायनस १९६, मग तुकडा सरळ त्यातच का टाकू नये, असं सगळेच विचारतात. कारण टाकल्याबरोबर नायट्रोजन उकळतो आणि तुकड्याभोवती वाफेचं कवच धरतो, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब लगेच उडून जायच्या ऐवजी नाचत राहतो ना, तोच प्रकार. १७५६ मध्ये लायडनफ्रॉस्टने लिहून ठेवलेला. वाफ उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून इतक्या थंड द्रवात टाकूनही तुकडा अपेक्षेपेक्षा सावकाश गोठतो, आणि वरून ब्लॉकला तडे जातात. म्हणून मध्ये आयसोपेंटेन लागतं. ते मायनस १६० च्या आसपास गोठतं, त्याच्या जरा वर द्रवच राहतं आणि त्यात तुकडा बुडवला तर ते उकळत नाही, चारी बाजूंनी चिकटून थंडी आत देतं.

आता खान्देशात लिक्विड नायट्रोजन कुठे मिळतो? गावोगाव मिळतो! गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा त्यातच ठेवतात, ठराविक दिवशी पुरवठ्याची गाडी येते आणि कंटेनर भरून देते. ते काम करणाऱ्या एका आप्पांनी पुरवठादाराशी गाठ घालून दिली, आणि आम्ही कशाला मागतोय हे ऐकून विचारलं, "मासासले कसाले पाहिजे हाई?" मग सगळं समजावून सांगितलं तर लक्ष देऊन ऐकलं, आणि कंटेनरमधली पातळी लाकडी पट्टी बुडवून तिच्यावर जमलेल्या पांढऱ्या हिमावरून कशी मोजायची ते त्यांनीच पोऱ्याला शिकवलं. ज्यांना ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) मिळत नाही म्हणून काम अडलंय त्यांनी हा रस्ता जरूर बघा. फक्त खोली उघडी पाहिजे, एक लिटर नायट्रोजनचा जवळपास ७०० लिटर गॅस होतो आणि बंद खोलीत तो हवेतल्या ऑक्सिजनची जागा घेतो, वास नाही, रंग नाही, कळतसुद्धा नाही. कंटेनरचं झाकण घट्ट बंद करायचं नाही, बंद गाडीत घेऊन फिरायचं नाही, डोळ्याला गॉगल, हातात सैल मोजे.

आयसोपेंटेनचं आमच्याकडे वेगळंच दुखणं. ते २८ डिग्रीला उकळतं. म्हणजे मार्च उजाडला की आमच्या लॅबच्या नेहमीच्या तापमानाला त्याची बाटली आतून फुगायला बघते. बाटली उघडायच्या आधी बर्फात चांगली गार करायची, वाफ लगेच पेट घेणारी म्हणून जवळपास बर्नर-हीटर काही नको, आणि घरगुती फ्रीजमध्ये तर अजिबात ठेवायची नाही, थर्मोस्टॅटची एक ठिणगी पुरते. १९०५ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लुई विल्सनने ऑपरेशन चालू असताना फ्रोजन सेक्शन बघायची पद्धत बसवली तेव्हा त्याने टिश्यू खिडकीबाहेरच्या थंडीतच गोठवला असं सांगतात. मिनेसोटाचा जानेवारी होता तो. आपल्याकडे प्रत्येक डिग्री कमवावी लागते.

प्रत्यक्षात असं केलं. थर्माकोलच्या जाड डब्यात लिक्विड नायट्रोजन, त्यात स्टीलच्या पेल्यात आयसोपेंटेन, काठीने हलवत राहायचं. थोड्या वेळाने पेल्याच्या तळाला पांढरी साय धरते, आयसोपेंटेन गोठायला लागलं, म्हणजे तयार. तोवर तुकडा सुक्रोजमधून काढून फिल्टर पेपरवर हलका टिपायचा, सुक्रोजचा थेंब तसाच राहिला तर ओसीटी आणि टिश्यूच्या मध्ये थर होतो आणि कापताना टिश्यू ब्लॉकमधून सुटून येतो. मोल्डमध्ये थोडं ओसीटी, त्यावर तुकडा, कापायची बाजू खाली, वरून ओसीटी, आणि बुडबुडे सुईने काढायचे, बुडबुडा टिश्यूला लागून राहिला तर सेक्शन तिथेच फाटतो. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्यायचं, ओसीटी टिश्यूच्या पृष्ठभागाला धरतं. मोल्डवर नंबर पेन्सिलने, मार्करची शाई आयसोपेंटेनमध्ये धुऊन जाते आणि मग कुठला मासा कुठला हे देवालाच ठाऊक.

मग लांब चिमट्याने मोल्डचा फक्त तळ आयसोपेंटेनला टेकवायचा. हे बघण्यासारखं असतं. पारदर्शक ओसीटी तळापासून पांढरं होत वर चढतं, कडा आधी, मग मध्य, वर एक लहानसा ओला ठिपका उरतो, तो पांढरा व्हायच्या बेताला मोल्ड उचलायचा. सगळा खेळ अर्ध्या-पाऊण मिनिटाचा. त्याच्याही पुढे धरून ठेवला तर बाहेरचं कवच आधीच कडक झालेलं असतं, आतलं पाणी गोठताना फुगतं (पाण्याचा बर्फ होताना आकार साधारण ९ टक्क्यांनी वाढतो) आणि टक् असा आवाज होऊन ब्लॉक तडकतो.

चारही ब्लॉक क्रायोस्टॅटच्या चेंबरमध्ये तासभर ठेवले, मायनस २२ ला, कारण एकदम थंडगार ब्लॉक ब्लेडला लावला तर सेक्शनला आडव्या चिरा पडतात. १० मायक्रॉनने सगळे कापले.

पहिला तुकडा, जुना ओळखीचा, चाळणी. दुसऱ्यात छिद्रं बारीक झाली पण होती. तिसरा कडेला सुरेख आणि मध्ये गडबड, शिवाय एक तडा. चौथ्यात पेशी अखंड, न्यूक्लियस भरीव, स्वादुपिंडाच्या पेशींचे गुलाबी दाणे मोजता यावेत इतके स्पष्ट. आणि ऑइल रेड ओ चे लाल ठिपके? चारही तुकड्यांत जवळपास सारखे. सरांनी चारही स्लाइड स्वतः बघितल्या, पहिली आणि चौथी पुन्हा पुन्हा, आणि मसुदा थांबवायला सांगितलं. कुठलाही अहंकार मध्ये न आणता. त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

मग नंदुरबारहून ब्लॉक आणायचे कसे

गोठवणं नीट जमलं तरी प्रवासाचा प्रश्न तसाच होता. गोठलेला ब्लॉक उन्हाळ्यात इतक्या तासांच्या प्रवासात गोठलेलाच ठेवायला ड्राय आइस लागतो, आणि नायट्रोजन घेऊन पॅसेंजरमध्ये बसायचं तर नावच काढू नका. मीठ-बर्फ मायनस २१ पर्यंत जातो, पण तासन्तास तसाच टिकत नाही, मधूनच वर चढतो.

उत्तर मला तरी अगदी साधं वाटतं. गोठलेलं काही आणूच नका. टिश्यू फिक्स झालेला आहे, सुक्रोजमध्ये बुडलेला आहे, ४ डिग्रीला तो आठवडाभर सुखाने राहतो. बाटली घट्ट बंद करून जेल पॅकच्या डब्यात आणा, इथे शून्य ते ४ हेच तर पाहिजे, जो जेल पॅक गोठलेल्या ब्लॉकचा घात करत होता तोच ओल्या तुकड्याला अगदी बरोबर. ओसीटी आणि आयसोपेंटेन क्रायोस्टॅटच्या शेजारी, जळगावला. गोठवून लगेच कापायचं, उरलेले ब्लॉक फॉइलमध्ये गुंडाळून झिप पिशवीत मायनस ८० ला, म्हणजे सुकत नाहीत. ज्यांचा टिश्यू फिक्स केलेला नाही, स्नायूंची एन्झाइम बघायची आहेत किंवा आरएनए काढायचा आहे, त्यांना हे लागू नाही, त्यांना मासा जिथे उघडला तिथेच गोठवावं लागणार आणि थंडीची साखळी तुटू द्यायची नाही. पण चरबी, साधी रचना, बऱ्याचशा अँटिबॉडीची कामं, यासाठी खेड्यापाड्यातल्या कॉलेजांनी फ्रीझिंगसाठी जीव टाकायची गरज नाही, फिक्सेशन आणि सुक्रोज नीट करा आणि बाटली घेऊन या.

जुन्या माशांचं काय झालं

बर्फाने फाडलेली पेशी पुन्हा जुळत नाही. ब्लॉक वितळवून, ओसीटी धुऊन, पुन्हा सुक्रोजमध्ये घालून पुन्हा गोठवता येतो, पण आधीची छिद्रं तशीच राहतात, म्हणून ते करण्यात वेळ घालवला नाही. या मुलाची एक सवय मात्र कामाला आली, प्रत्येक माशाच्या लिव्हरचा उरलेला तुकडा तो फॉर्मलिनच्या बाटलीत ठेवत होता, गोठवलेला नाही. फॉर्मलिनमध्ये साठवणीची चरबी टिकून राहते. ते सगळे तुकडे काढले, धुतले, सुक्रोज दिलं, जळगावला गोठवले. स्लाइडवर कोड नंबर टाकले, म्हणजे मोजताना कुठलं ठिकाण ते कळणार नाही, आणि मोजायचा फक्त लाल रंग, रिकामी जागा नाही. ज्या माशांचा तुकडा उरलाच नव्हता ते चरबीच्या तक्त्यातून काढून टाकले आणि का काढले ते थीसिसमध्ये लिहिलं.

नव्या मोजणीत दोन ठिकाणांमध्ये ठोस फरक दिसला नाही. एकाच ठिकाणच्या दोन माशांमधला फरक त्याहून मोठा निघाला. पण वरचे मासे हिवाळ्यातले आणि खालचे उन्हाळ्यातले ही मूळ अडचण सुक्रोजने सुटत नाही, माशाच्या लिव्हरमधली चरबी ऋतूनुसार, अंडी धरण्याच्या काळानुसार स्वतःच बदलते. म्हणून दोन्ही ठिकाणचे मासे एकाच आठवड्यात घ्यायचे असं ठरलं आणि त्या मुलाने येत्या हिवाळ्यासाठी भोई लोकांशी बोलूनही ठेवलंय. जुन्या ब्लॉकचे फोटो थीसिसमध्ये आहेत, परिशिष्टात, पहिल्या आणि चौथ्या तुकड्याच्या फोटोंच्या शेजारी, खाली ओळ लिहून: तिलापियाचं लिव्हर, सावकाश गोठवल्याने पडलेली छिद्रं.